घरच्या अंगणात कृत्रिम गवताचं पटिंग ग्रीन : दिसतं गवत, पण खेळतो पाया



१९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदाच कृत्रिम गवतावर खेळली गेली. १९२८ पासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारा भारत तिथे सातवा आला. कारणं अनेक होती, पण मैदान बदललं की खेळ बदलतो हे सगळ्यांना दिसलं. हीच गोष्ट मुलांना हाताने करून समजावता येईल असा एक उपक्रम म्हणजे घरच्या अंगणातलं पटिंग ग्रीन.

पटिंग ग्रीन म्हणजे काय?

गोल्फमध्ये भोकाभोवती अगदी बारीक कापलेलं गवत असतं, त्याला ग्रीन म्हणतात. तिथे चेंडू उडवत नाहीत, हलक्या फटक्याने घरंगळत भोकात घालतात. हे पटिंग. खरं ग्रीन जवळजवळ रोज कापावं लागतं, म्हणून घरी बहुतेक लोक कृत्रिम गवत लावतात. अमेरिकेत घरामागच्या अंगणात ही पद्धत चांगलीच रुळली आहे. आपल्याकडेही बंगल्याच्या किंवा रो-हाऊसच्या मोकळ्या जागेत ते करता येतं.

दुकानात गेल्यावर सगळं लक्ष गवताच्या रंगाकडे जातं. पण चेंडू सरळ जाईल की वाकडा, पावसात तळं साचेल की नाही, हे सगळं गवताखालचा पाया ठरवतो.

पाया कसा करायचा?

उदाहरणासाठी ४ मीटर × ३ मीटर, म्हणजे १२ चौरस मीटर जागा घेऊ.

१. साधारण १० सेंमी माती काढा. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरचा थर उंच-सखल होतो. अशी जमीन असेल तर आणखी खोल खणून मुरूम भरावा.

२. तळाशी जिओटेक्स्टाइल कापड अंथरा. ते पाणी जाऊ देतं, पण चिखल वर येऊ देत नाही.

३. त्यावर बारीक खडी आणि सर्वात वर कच टाका. एकदम न ओतता थोडी थोडी टाकून, किंचित पाणी मारून धुम्मसाने ठोका. ठोकलेला थर १० सेंमी हवा असेल तर १२ × ०.१ = १.२ घनमीटर. ठोकल्यावर माल दबतो, म्हणून दीड घनमीटर धरा. ते अर्ध्या ब्रासपेक्षा थोडं जास्त होतं.

४. उतार १ ते २ टक्के ठेवा. ४ मीटर लांबीत १ टक्का म्हणजे ४ सेंमी. उतार घराच्या भिंतीकडे किंवा शेजाऱ्याच्या कुंपणाकडे नको, गटाराकडे किंवा बागेकडे हवा. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी इथे उत्तम काम देते.

एका दिवसात १०० मिमी पाऊस झाला तर या १२ चौरस मीटरवर किती पाणी पडेल? १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर, म्हणून १२०० लिटर! हे पाणी कुठे जाणार, याचं उत्तर गवत आणण्यापूर्वीच हातात हवं.

भोक आणि गवत

गोल्फच्या भोकाचा व्यास १०८ मिमी आणि खोली किमान १०१.६ मिमी असते. चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिमी. भोक चेंडूच्या किती पट, हे मुलांनाच काढू द्या. भोकाचा तयार कप पायातच पक्का बसवा आणि त्याच्या तळातून पाणी जायला वाट ठेवा.

गवत पटिंगसाठीचंच, आखूड आणि दाट घ्या. गुंडाळी उघडून काही तास उन्हात पसरली की वळ्या जातात. कापताना मागच्या बाजूने कापा. जोड असेल तर दोन्ही तुकड्यांचे तंतू एकाच दिशेला झुकलेले हवेत. कडेने गंज न धरणारे खिळे मारा. शेवटी कोरडी सिलिका वाळू पातळ थरांत पसरून झाडूने आत घोळवा. वाळू जास्त भरली तर चेंडू जास्त वेगाने पळतो. ही धूळ फुप्फुसाला वाईट, म्हणून मोठ्यांनीच मास्क लावून हे काम करावं, मुलं लांब ठेवावीत.

वर्गासाठी प्रयोग

ग्रीनचा वेग मोजायला एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ मध्ये एक साधी पन्हाळी तयार केली. तिला स्टिम्पमीटर म्हणतात. तिची लांबी ३६ इंच असते आणि खालच्या टोकापासून ३० इंचांवर चेंडू ठेवायला खाच असते. पन्हाळी हळूहळू उचलली की चेंडू आपोआप सुटतो. तो किती फूट गेला ते मोजायचं. एका दिशेने तीन वेळा, उलट दिशेने तीन वेळा, मग सरासरी. घर्षण, उतार, सरासरी हे तिन्ही धडे यात आले. तंतूंच्या दिशेने चेंडू लांब जातो, उलट गेला तर लवकर थांबतो, हे मुलं स्वतःच सांगतील.

आधी विचार करावा असं काही

कृत्रिम गवत म्हणजे प्लास्टिक. भर उन्हात ते ६० अंश सेल्सिअसच्याही वर तापू शकतं. मुलांना अनवाणी सोडू नका. आधी हाताची पाठ टेकवून बघा, खेळ सकाळी किंवा संध्याकाळी ठेवा. पाणी मारल्याने गारवा येतो, पण थोडाच वेळ.

गच्चीवर खडीचा पाया अजिबात नको. १० सेंमी ठोकलेल्या खडीचं वजन एका चौरस मीटरला सुमारे २०० किलो भरतं. तिथे फक्त पातळ गवत अंथरा, पाण्याची भोकं मोकळी ठेवा आणि गळतीचं काम आधी तपासून घ्या.

हे गवत साधारण दहा-पंधरा वर्षांनी कचरा होतं, आणि त्याखाली गांडूळ-माती श्वास घेत नाही. म्हणून अख्खं अंगण झाकू नका. १२ चौरस मीटर पुरे. उरलेल्या जागेत खरी माती, जास्वंद आणि तुळस राहू द्या. मुलांना दोन्हींवर चालून बघू द्या, दुपारी कोणतं गार लागतं ते विचारा. उत्तर त्यांच्या वहीत लिहून घ्या.