धारोष्ण कीं नुसतें कच्चें ?

म्हशीचें दूध तापवूं नये, कच्चेंच प्यावें, असा आग्रह नाशकांतील कांहीं सुशिक्षित घरांतूनही आमच्या कानीं येतो. आधार वाग्भटाचा. त्यानें अष्टांगहृदयांत धारोष्ण दुधास अमृताची उपमा दिली आहे खरी. पण तेथेंच कच्चें दूध जड ठरवून युक्तीनें तापविलेलें त्याहून निराळें मानिलें आहे.

शिवाय दारीं येणारें दूध धारोष्ण नसतेंच. धारेची ऊब वाटेंतच जाते. तेवढ्या अवधींत जंतूंना वाटा पुष्कळ : चिखलांत डुंबलेल्या म्हशीची न धुतलेली कांस, धार काढणाराचे हात, घाण पाण्यानें विसळलेली चरवी. कांस सुजली असल्यास जंतु आंतूनच येतात. अनुकूल उष्णतेंत कांहीं जंतु २० मिनिटांत दुप्पट होतात. म्हणजे ३ तासांत एकाचे ५१२! नाशकाचा वैशाख त्यांस मानवणाराच. शीतकपाटांत त्यांची वाढ मंदावते, पण ते मरत नाहींत. क्षय व ब्रूसेलाचा ताप कच्च्या दुधांतून येऊं शकतात.

म्हणून गवळ्यानें हात व कांस धुवावी, पहिल्या धारा टाकाव्या, भांडें कडकडीत पाण्यानें धुवावें. आणि घरीं दूध येतांच तें उकळावें. मुलांच्या पेल्यांतील अमृत शेगडीवरूनच यावें, हें आमचें सांगणें.