चाकखुर्ची-खेळाडूंची ऑक्सिजीवी क्षमता

कमाल श्रम करताना शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, यावरून ही क्षमता ठरवितात. मेरुरज्जूस इजा झालेल्या युद्धजखमींसाठी लूटव्हिख गुटमान यांनी १९४८ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे क्रीडास्पर्धा सुरू केल्या. अशा खेळाडूंच्या चाचणीत पायांनी चालवावयाच्या सायकलीऐवजी हातांनी फिरवावयाचे श्रममापक किंवा फिरत्या रुळांवर बसविलेली खुर्ची वापरतात. रोध टप्प्याटप्प्याने वाढवून उच्छ्‌वासातील वायूंचे मापन करतात. हातांचे स्नायू पायांच्या मानाने लहान असल्याने मिळणारे मूल्य कमी असते.

हृदयाचे ठोके वाढविणाऱ्या अनुकंपी तंत्रिका मेरुरज्जूच्या वक्षीय भागाच्या वरच्या खंडांतून निघतात. मानेच्या पातळीवर मेरुरज्जू पूर्णपणे तुटल्यास त्यांवरील मेंदूचे नियंत्रण नष्ट होते आणि कमाल श्रमातही ठोके मिनिटास सु. ११० ते १३० च्या पुढे सहसा जात नाहीत. वयानुसार केलेले ठोक्यांचे नेहमीचे कोष्टक अशा खेळाडूस लावल्यास, पूर्ण शक्ती पणास लावूनही त्याने अपुरे श्रम केले, असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून इजेची पातळी विचारात घेऊनच चाचणीचा अर्थ लावावा लागतो.

चाचणीपूर्वी मूत्राशय रिकामे करणे आवश्यक असते. कारण सहाव्या वक्षीय खंडात किंवा त्याच्या वर इजा असल्यास भरलेल्या मूत्राशयामुळे रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतो.