तू काय बोललीस?

वर्गात गटचर्चा म्हटलं की पुष्कळ आयांना वाटतं, बाई शिकवायचं सोडून मुलांना गप्पा मारायला बसवतात! मुळशी तालुक्यात शिकवताना मला मात्र वेगळा अनुभव येतो. इथला मुळशी सत्याग्रहच घ्या ना. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले, हे फळ्यावर लिहिलं की मुलं पाठ करून मोकळी होतात. पण चौघाचौघांचे गट करून विचारलं, ‘मुंबईला वीज हवी होती आणि इथल्या शेतकऱ्याला जमीन. तुम्ही काय केलं असतं?’ की वर्ग जागा होतो. आजीकडून ऐकलेली, पाण्याखाली गेलेली भातखाचरं बोलण्यात येतात.

एक पथ्य पाळावं लागतं. मोकळं सोडलं तर बोलका मुलगाच बोलत राहतो, मुली नुसतं लिहून घेतात. म्हणून गटाचं म्हणणं मांडायची पाळी मी दरवेळी बदलते. अख्ख्या वर्गापुढे तोंड न उघडणारी मुलगी आधी चौघांत बोलते, मग उभं राहून सांगते.

मैत्रिणींनो, लेक शाळेतून आली की ‘काय शिकवलं?’ ऐवजी ‘आज तू काय बोललीस?’ असं विचारून बघा. उद्या ग्रामसभेत हात वर करायचं बळ तिला इथूनच मिळणार आहे.