राउटरची वही

घरात येणाऱ्या ब्रॉडबँड जोडणीला सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडून जुन्या पद्धतीचा आयपी पत्ता बहुधा एकच मिळतो आणि घरातले मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, कॅमेरे अशी दहा-पंधरा उपकरणे तोच पत्ता वाटून वापरतात. ही सोय ज्या युक्तीमुळे होते ती मुळात सुरक्षिततेसाठी शोधलेलीच नव्हती, हे राउटरची जुळणी करताना ध्यानात ठेवावे लागते.

आयपीच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ बिटांचा असल्याने साऱ्या जगात मिळून सुमारे ४२९ कोटींहून अधिक पत्ते होऊच शकत नाहीत, ही अडचण नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच जाणकारांच्या लक्षात आली होती. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत पत्ता बदलण्याची एक पद्धत मांडली, जी आज ‘नॅट’ म्हणून ओळखली जाते, आणि मांडतानाच त्यांनी ती अल्पकाळाची तोड असल्याचे म्हटले होते. १९९६ च्या दस्तऐवजाने १० किंवा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखीव असल्याचे पक्के केले, त्यामुळे तेच पत्ते कोणत्याही घरात पुन्हा पुन्हा वापरता येऊ लागले. फेब्रुवारी २०११ मध्ये पत्त्यांचा मध्यवर्ती साठा संपला. अल्पकाळ मात्र अजून सरलेला नाही.

नॅटचे काम एका वहीवर चालते. घरातला १९२.१६८.१.२३ या पत्त्याचा मोबाइल ५१५१४ या पोर्टवरून एखाद्या बँकेच्या सर्व्हरच्या ४४३ क्रमांकाच्या पोर्टकडे पॅकेट पाठवतो, असे समजू. पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावर चाललेली निरनिराळी संभाषणे वेगळी ओळखता यावीत म्हणून दिलेला ० ते ६५,५३५ यांमधला क्रमांक, आणि पॅकेट म्हणजे पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता लिहिलेला माहितीचा छोटा तुकडा. राउटर त्या पॅकेटावरचा पाठवणाऱ्याचा खासगी पत्ता खोडून आपला सार्वजनिक पत्ता घालतो, केलेला बदल आपल्या स्मृतीतील तक्त्यात नोंदवतो आणि बँकेचे उत्तर आले की ती नोंद पाहून पॅकेट मोबाइलकडे वळते करतो. याउलट बाहेरून एखादे अनोळखी पॅकेट न बोलावता आले, तर ते घरातल्या कोणत्या उपकरणासाठी आहे हे सांगणारी नोंदच वहीत नसते आणि ते तिथेच टाकून दिले जाते. म्हणजे बाहेरच्याला आत शिरता येत नाही ते त्याला कोणी अडवल्यामुळे नव्हे, तर त्याला कुठे न्यायचे हे राउटरला ठाऊक नसल्यामुळे.

फायरवॉल हीच वही जाणीवपूर्वक, निर्णय घेण्यासाठी वापरते. घराघरांतले बहुसंख्य राउटर लिनक्सवर चालतात आणि त्या प्रणालीत जानेवारी २००१ च्या २.४ या आवृत्तीपासून अशी स्मृती ठेवणारी फायरवॉल गाभ्यातच बसवलेली आहे. तिचा मूळ नियम दोन वाक्यांत सांगता येतो : आतून सुरू झालेल्या संभाषणाचे उत्तर येऊ द्यावे, बाहेरून नव्याने सुरू होऊ पाहणारे संभाषण, तशी मुभा दिलेली नसेल तर, उत्तरही न देता टाकून द्यावे. वहीतल्या नोंदी कायमच्या नसतात. टीसीपी, म्हणजे पोच घेत चालणाऱ्या संभाषणाची नोंद निदान २ तास ४ मिनिटे जपावी असा संकेत आहे. यूडीपी, म्हणजे पोच न घेता पाठवलेल्या पॅकेटांची नोंद मात्र उत्तर न आल्यास लिनक्समध्ये ३० सेकंदांत पुसली जाते. हा ३० चा आकडा पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

नॅट आणि फायरवॉल यांतील फरक इतकी वर्षे कोणाला जाणवला नाही, कारण दोन्ही एकाच डब्यात, एकाच वहीवर नांदत होत्या. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत तो उघडा पडतो. तिथे पत्ता १२८ बिटांचा असून घरातल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतो, त्यामुळे अदलाबदल करण्याचे कारणच उरत नाही आणि तिच्या आडोशाने आपोआप मिळणारे संरक्षणही उरत नाही. भारतातल्या मोबाइल आणि फायबर जाळ्यांवर ही आवृत्ती मोठ्या प्रमाणावर चालू असल्याने हा प्रश्न पुस्तकी नाही. काही राउटरांत सहाव्या आवृत्तीच्या फायरवॉलचे बटण वेगळे असते, आणि ते बंद असेल तर भिंतीवरचा कॅमेरा जगाला थेट सामोरा उभा असतो. उलट बाजूने, अतिउत्साहाने सगळेच अडवणेही महागात पडते, कारण ‘पॅकेट फार मोठे आहे, लहान करून पाठवा’ असा निरोप या आवृत्तीत आयसीएमपी नावाच्या सूचनावाहक पॅकेटांतून येतो आणि तोच अडवला तर पाने अर्धवट उघडून थबकतात.

बाकीची जुळणी शिस्तीची आहे, शास्त्राची नाही. व्यवस्थापनाचा मूळ पासवर्ड बदलणे सर्वांत आधी, कारण २०१६ मध्ये ‘मिराय’ या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्या आजमावूनच लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. डब्ल्यूपीएस, म्हणजे आठ आकड्यांच्या पिनवर वाय-फाय जोडून देणारी सोय, बंद ठेवावी. तो पिन दोन भागांत तपासला जात असल्याने दहा कोटींऐवजी ११,००० प्रयत्नांत सापडतो, हे २०११ च्या अखेरीस उघड झाले. यूपीएनपी या सोयीमुळे घरातले कोणतेही उपकरण घरमालकाला न विचारता फायरवॉलमध्ये भोक पाडून घेऊ शकते. खेळांचे यंत्र सोडले तर तिची गरज क्वचितच पडते. आणि दूरवरून व्यवस्थापन करण्यासाठी उघडा ठेवलेला पोर्ट किती घात करतो ते जर्मनीत नोव्हेंबर २०१६ मध्ये दिसले : मिरायच्याच एका अवताराने ७५४७ क्रमांकाच्या पोर्टवर केलेल्या हल्ल्यात डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांच्या जोडण्या विस्कळीत झाल्या.

व्हीपीएन या शब्दाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी विकल्या आणि वापरल्या जातात. जाहिरातींतले व्हीपीएन घरातून निघणारी सगळी रहदारी कूटबद्ध करून एखाद्या कंपनीच्या सर्व्हरपर्यंत नेते आणि तिथून जगात सोडते. त्याने गुप्तता निर्माण होत नाही, फक्त विश्वास ब्रॉडबँड कंपनीवरून उचलून दुसऱ्या कंपनीवर ठेवला जातो. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपावी असा निर्देश काढल्यावर काही मोठ्या कंपन्यांनी भारतातील सर्व्हरच हलवले, यावरून हा विश्वासाचा व्यवहार किती नाजूक आहे ते दिसते. दुसरे व्हीपीएन म्हणजे बाहेर असताना स्वतःच्या घरातल्या जाळ्यात सुरक्षित परत येण्याचा बोगदा, आणि घरच्या राउटरवर मांडण्याजोगे खरे व्हीपीएन हेच.

त्यासाठी जेसन डोनेनफेल्ड यांनी रचलेली ‘वायरगार्ड’ ही पद्धत आज सर्वांत सुटसुटीत ठरते. सुमारे ४,००० ओळींचा हा प्रोग्राम मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत गाभ्यात समाविष्ट झाला. राउटर आणि मोबाइल आपापल्या किल्ल्यांची जोडी तयार करतात. खासगी किल्ली जागची हलत नाही आणि ४४ अक्षरांची सार्वजनिक किल्ली समोरच्याला दिली जाते. फायरवॉलमध्ये यूडीपीचा एक पोर्ट, प्रथेप्रमाणे ५१८२०, उघडावा लागतो, परंतु ओळखीच्या किल्लीने सिद्ध न झालेल्या पॅकेटाला वायरगार्ड काहीच उत्तर देत नसल्याने पोर्ट चाचपडणाऱ्याला तो बंद पोर्टाहून वेगळा ओळखता येत नाही. घरातल्या पत्त्यांची मालिका मात्र आधीच बदलून घ्यावी : घरी आणि हॉटेलातही १९२.१६८.१ हीच मालिका असेल, तर मोबाइलला घरचा प्रिंटर आणि हॉटेलातला प्रिंटर यांत भेद करता येत नाही, १०.४७.२३ सारखी आडवळणाची मालिका निवडल्यास हा घोळ टळतो.

इतके करूनही अनेकांचा बोगदा उघडत नाही, कारण पत्त्यांच्या टंचाईमुळे सेवा पुरवणाऱ्या कंपन्या आता स्वतःच्या पातळीवरही नॅट चालवतात आणि शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. राउटरच्या पडद्यावर दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतला असेल, तर बाहेरून येणारे पॅकेट आधी कंपनीच्या वहीत अडते आणि ती वही ग्राहकाच्या हातात नसते. अशा वेळी जादा पैसे भरून स्थिर सार्वजनिक पत्ता घेणे, सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यावरून येणे किंवा भाड्याच्या छोट्या सर्व्हरला मध्यस्थ करणे हे मार्ग उरतात. तिसऱ्या मार्गात घरचा राउटरच आधी बोलतो, म्हणजे वहीत नोंद आतून होते, आणि ती पुसली जाऊ नये म्हणून दर २५ सेकंदांनी एक रिकामे पॅकेट पाठवावे अशी वायरगार्डची शिफारस आहे. ३० सेकंदांच्या आत नोंद ताजी करण्यासाठीच ही पाच सेकंदांची सवलत.

बोगदा लागूनही निरोप जातात आणि छायाचित्रे अडकतात, असे झाल्यास दोष पॅकेटाच्या मापात शोधावा. इथरनेटवर पॅकेट १,५०० बाइटांपर्यंत असते. नाव-पासवर्ड देऊन जोडणाऱ्या पीपीपीओई या ब्रॉडबँड पद्धतीत त्यातले ८ बाइट खर्ची पडतात आणि वायरगार्डच्या वेष्टणाला आणखी ८० पर्यंत लागतात, म्हणून तिथे नेहमीच्या १,४२० ऐवजी १,४१२ हे माप द्यावे लागते.

शेवटची खोच वीज जाण्यात आहे. स्वस्त राउटरांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते, त्यामुळे वीज परत आल्यावर त्यांची वेळ मागे गेलेली असते आणि इंटरनेटवरच्या सर्व्हरला विचारूनच ती दुरुस्त होते. वायरगार्ड मात्र संभाषण सुरू करणाऱ्या प्रत्येक पॅकेटात वेळ नोंदवतो आणि समोरचा सर्व्हर आधी पाहिलेल्या वेळेहून जुने पॅकेट हे कोणी चोरून पुन्हा पाठवलेले समजून टाकून देतो. घरची सगळी रहदारी बोगद्यातूनच जावी असा नियम केलेला असेल, तर वेळ विचारणारे पॅकेटही बोगद्याची वाट पाहत बसते : घड्याळ लागायला बोगदा हवा आणि बोगदा लागायला घड्याळ हवे, अशा कात्रीत राउटर सापडतो, म्हणून वेळ सांगणाऱ्या सर्व्हरकडे जाणारी वाट तेवढी बोगद्याबाहेर, थेट ब्रॉडबँडवरून ठेवावी लागते.