घराचे काम आणि एकच नकाशा : डिझायनर-ग्राहक ॲप कसे असावे?

आमच्या घराचे काम काढले तेव्हा भाईजान कुवेतला, डिझायनर शहरात आणि मिस्त्री गावात. सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर. अम्मीची उंची कमी, म्हणून स्वयंपाकाचा ओटा 900 मिलिमीटरवरून 820 करायचे ठरले. नवा नकाशा आला, भाईजाननी अंगठा दाखवला. पण मिस्त्रीच्या मोबाइलमध्ये जुनाच नकाशा होता! ओटा तीन इंच उंच झाला. तोडायचा तर खर्च कुणाचा, यावरून वाद झाला. शेवटी तसाच ठेवला. अम्मी आजही पाटावर उभी राहून रोट्या करते.

यात लबाडी कुणाचीच नव्हती. चूक होती ती बोलण्याच्या साधनात. आमचे दोन माजी विद्यार्थी आता ॲप बनवायला शिकतात. त्यांनी विचारले, "सर, असे ॲप केले तर त्यात काय हवे?" तेव्हा आम्ही कागदावर मांडले ते असे.

पहिली गोष्ट, नकाशा एकच दिसावा. नवा चढवला की जुन्यावर आपोआप 'रद्द' असा शिक्का पडावा. जुना पुसू नये, कारण काय बदलले ते नंतर पाहता आले पाहिजे. माप मिलिमीटर आणि फूट-इंच दोन्हींत असावे. डिझायनर मिलिमीटरमध्ये बोलतो, आपण आणि मिस्त्री फुटात.

दुसरी, संमती स्पष्ट असावी. अंगठ्याचा अर्थ 'पाहिले' की 'मान्य'? म्हणून 'पाहिले', 'मान्य' आणि 'बदल हवा' अशी तीन वेगळी बटणे हवीत. सोबत नाव, तारीख, वेळ. मशवरा घरातल्या सगळ्यांनी करावा, पण शेवटचे 'मान्य' कोण म्हणणार हे सुरुवातीलाच ठरवावे. आणि जी बाई रोज त्या ओट्यापाशी उभी राहणार तिला विचारल्याशिवाय ते बटण दाबले जाऊ नये.

तिसरी, प्रत्येक बदलाची किंमत आधी दिसावी. साध्या प्लायऐवजी आयएस 710 चा मरीन प्लाय घेतला तर किती रुपये आणि किती दिवस वाढतील, हे 'मान्य' म्हणण्यापूर्वी कळले तर शेवटच्या बिलावर भांडण होत नाही.

चौथी, रंगाचा निर्णय फोटोवर नको. प्रत्येक स्क्रीनवर रंग वेगळा दिसतो. सनमायकाचा तुकडा घरच्यांनी हातात घेऊन, दिवसाच्या आणि दिव्याच्या उजेडात पाहावा. ॲपमध्ये फक्त त्याचा कंपनी-क्रमांक नोंदवावा.

पाचवी, भाषा. मराठी-उर्दूत लिहिता यावे, ज्यांना लिहिता येत नाही त्यांना आवाजात सांगता यावे. मात्र तो निरोप त्याच खोलीच्या नकाशाला जोडलेला राहावा, गप्पांत वाहून जाऊ नये. गावात नेट गेले तरी शेवटचा नकाशा मोबाइलमध्ये उघडला पाहिजे.

मुले ॲप करतील तेव्हा करतील. तोवर एक वही पुरते. प्रत्येक बदल, त्याची किंमत आणि तारीख लिहा, दोघांच्या सह्या घ्या, फोटो सगळ्यांना पाठवा. नवा नकाशा आला की भिंतीवरचा जुना स्वतःच्या हाताने फाडा. परदेशात वर्षानुवर्षे राबून जमवलेला पैसा घरात लागतो. एका अंगठ्यावर तो सोडू नका.