डुकराची झडप आणि आपला निर्णय

जनावराचा माणूस करण्याचे प्रयोग सिनेमात दिसतात. खऱ्या प्रयोगशाळेत चालले आहे ते वेगळे. जनावराचे इंद्रिय इतके बदलायचे की माणसाच्या शरीराने ते परके मानू नये.

7 जानेवारी 2022 रोजी अमेरिकेत बाल्टिमोरला डेव्हिड बेनेट यांना डुकराचे हृदय बसवले गेले. त्या डुकराची चार जनुके बंद करून माणसाची सहा घातली होती. प्रयोगामागच्या प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक होते कराचीत शिकलेले डॉ. मुहम्मद मोहियुद्दीन. बेनेट दोन महिने जगले. आपल्याकडे आसामात 1997 साली डॉ. धनीराम बरुआ यांनी असाच प्रयत्न केला होता. रुग्ण दगावला आणि डॉक्टरांना अटक झाली.

हे दूरचे वाटेल. पण वसई, नालासोपारा, विरारहून लोकलने मुंबईच्या इस्पितळात जाणाऱ्या आपल्या कुटुंबांपुढे हाच प्रश्न लहान रूपात येतो. हृदयाची झडप बदलायची आहे, कोणती बसवायची?

कृत्रिम झडप बरीच वर्षे टिकते, पण रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. गरोदरपणात ती बाळाला धोक्याची ठरू शकते. जनावराच्या ऊतींची झडप बसवली तर सहसा ही गोळी जन्मभर लागत नाही, मात्र झडप काही वर्षांनी झिजते. अशी झडप डुकराची असते, तशीच गाईबैलाच्या हृदयावरणाचीही असते. हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

सूरह बकराच्या 173व्या आयतीत डुकराचे मांस हराम ठरवले आहे आणि त्याच आयतीत नाइलाजाने सापडलेल्याला सूटही दिली आहे. जीव वाचवण्याचा दुसरा इलाज नसेल तर अशा उपचाराला परवानगी आहे, असे अनेक उलेमा याच आधारावर सांगतात. म्हणून ‘दुसरा इलाज आहे का?’ हा प्रश्न दीनचाही आहे आणि डॉक्टरांचाही.

तो प्रश्न ऑपरेशनच्या आदल्या रात्री, सहीचा कागद समोर आल्यावर विचारून भागत नाही. तारीख ठरण्याआधी डॉक्टरांना विचारावे: झडप कशाची आहे, दुसरी चालेल का, आमच्या रुग्णाच्या वयाला कोणती बरी? मग आलिमांकडे जावे. घरातल्या बाईचे ऑपरेशन असेल तर तिलाही या बोलण्यात बसवावे, कारण गोळी तिला घ्यायची आहे. डुकराच्या नावाने घाबरून उपचारच टाळणे हा मात्र आपला मार्ग नव्हे. जीव ही अल्लाहची अमानत आहे.