गळ्यातून कागदावर : शेमस एनिसचे गीतसंकलन

१९४२ साली आयरिश लोकविद्या आयोगाने शेमस एनिस या तेवीस वर्षांच्या तरुणाची लोकसंगीताचा संग्राहक म्हणून नेमणूक केली, तेव्हा महायुद्धामुळे आयर्लंडात पेट्रोल दुर्मीळ झाले होते. म्हणून आयोगाने त्याच्या स्वाधीन केलेला सारा सरंजाम म्हणजे लेखणी, कागद आणि एक सायकल एवढाच होता, आणि मुशाहिरा आठवड्याला तीन पौंड. या तुटपुंज्या साधनांनिशी त्याने पुढील पाच वर्षांत पश्चिम किनाऱ्यावरून जे वैभव गोळा केले ते पाहिले म्हणजे, संग्राहकाची खरी सामग्री त्याच्या कानांत आणि स्वभावात असते, हे माझे मत अधिकच दृढ होते.

हे कान घरातच तयार झाले होते. एनिसचा जन्म ५ मे १९१९ रोजी डब्लिनच्या उत्तरेस फिंग्लसजवळ झाला. आई व्हायोलिन वाजवी. वडील सरकारी नोकर, पण नामांकित पाइपवादक. कोपराखालच्या भात्याने वारा भरून वाजवावयाचे ते आयरिश वाद्य त्यांनी १९०८ साली लंडनमधील एका गहाणवटीच्या दुकानातून सुट्या भागांच्या रूपात विकत घेतले होते, अशी हकीकत सांगतात. तेच वाद्य पुढे मुलाच्या हाती आले. आयरिश भाषेतून शिकलेल्या या मुलाने कोलम ओ लोकलन यांच्या डब्लिनमधील छापखान्यात उमेदवारी केली, आणि ऐकलेली चाल तत्काळ स्वरलिपीत उतरविण्याची विद्या तेथे हस्तगत केली.

या विद्येची कसोटी कॉनेमाराच्या खडकाळ मुलखात लागली. तेथील जुन्या धाटणीचे गायन साथीवाचून होते; गायक लयीच्या काटेकोर बंधनात राहत नाही, आणि एका कडव्यात घेतलेली मुरकी पुढच्या कडव्यात तशीच येईल याचा भरवसा नसतो. असे गाणे नुसत्या कानाने ऐकून कागदावर बांधणे म्हणजे वाहते पाणी ओंजळीत धरण्यासारखेच. एनिस शब्द ऐकून उतरवून घेई, चाल हाताने लिहून काढी, आणि गाणे कोणाचे, कोठले, त्याने ते कोणाकडून उचलले, हा तपशीलही नोंदवी. ग्लिन्स्क येथील कोलम ओ कीऑन या एकट्या मच्छीमार शेतकऱ्याकडून त्याला गाणी, सूर आणि कथनांचे दोनशेंहून अधिक नमुने मिळाले. एवढी संपत्ती कोणी परक्या कारकुनापुढे उघडी करीत नाही. एनिस त्या त्या गावची बोली तेथल्या उच्चारांसह बोले, रात्री मैफल जमली की स्वतः पाइप वाजवी, गाई, आणि घेतल्याइतकेच देऊन जाई. कोलमशी तर त्याचा निखळ स्नेह जडला. अभ्यासकांनी लोकगीतांच्या शोधाची अनेक शास्त्रे रचली आहेत, परंतु या देवघेवीपेक्षा मोठे शास्त्र मला तरी ठाऊक नाही. १९४६-४७ मध्ये आयोगाने त्याला स्कॉटलंडच्या गेलिकभाषी प्रदेशात धाडले, तेव्हाही हीच रीत त्याच्या उपयोगी पडली.

१९४७ साली तो आयरिश नभोवाणीच्या सेवेत रुजू झाला आणि लेखणीची जागा ध्वनिमुद्रणयंत्राने घेतली. १९५१ साली अमेरिकन संग्राहक ॲलन लोमॅक्स आयर्लंडात आला, तेव्हा वाटाड्या एनिसच होता, त्यानंतर बी.बी.सी.च्या चाकरीत त्याने इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स येथेही गायक धुंडाळले. १९५८ साली ती नोकरी सुटली, आणि पुढची वर्षे ठिकठिकाणी गाण्या-वाजवण्यावर, पुष्कळदा ओढग्रस्तीतच गेली. ज्याच्यामुळे एका राष्ट्राला आपली गाणी पुन्हा ऐकता आली, त्याला स्थिर आश्रय मिळू नये, याचे वैषम्य वाटल्यावाचून राहत नाही. आयुष्याच्या अखेरीस तो डब्लिनच्या उत्तरेकडील नॉल गावी राहिला आणि ५ ऑक्टोबर १९८२ रोजी निवर्तला.

त्याची हस्तलिखिते आज डब्लिनच्या विद्यापीठातील राष्ट्रीय लोकविद्या संग्रहात आहेत. १९४२ ते १९४६ या काळातील त्याची दैनंदिनी रीओनाख ई ओगाइन या विदुषीने संपादित करून २००७ साली आयरिशमध्ये आणि दोन वर्षांनी इंग्रजीत प्रसिद्ध केली. ती आधी आयरिशमध्ये निघाली हे मला फार उचित वाटते. ज्यांच्या ओसरीवर बसून त्याने ती गाणी टिपली, त्यांच्या नातवंडांना ती आजोबांच्याच भाषेत वाचता आली.